निगेटिव्ह इक्विटीतलं घर आणि दिवाळखोरी: इंग्लंड-वेल्समधल्या मराठी घरमालकांचे नेहमीचे प्रश्न

हे पान इंग्लंड आणि वेल्समध्ये घर असलेल्यांसाठी आहे. स्कॉटलंडचा कायदा पूर्णपणे वेगळा आहे आणि उत्तर आयर्लंडचाही स्वतंत्र आहे, त्यामुळे ग्लासगो किंवा बेलफास्टमध्ये राहणाऱ्यांनी इथले आकडे आणि मुदती स्वतःला लावून घेऊ नयेत. खालची माहिती सर्वसाधारण आहे. दिवाळखोरीचा, म्हणजे बँकरप्सीचा, अर्ज भरण्याआधी सिटिझन्स अॅडव्हाइस, नॅशनल डेटलाइन किंवा स्टेपचेंज यांच्यापैकी एकाशी बोलाच. तिथे सल्ल्याचे पैसे पडत नाहीत.

निगेटिव्ह इक्विटी मोजायची कशी?

आज घर विकलं तर जे पैसे येतील, त्यातून घरावर बोजा असलेली सगळी कर्जं वजा करायची. उत्तर उणे आलं तर ती निगेटिव्ह इक्विटी. इथे बहुतेकांची चूक होते ती ‘सगळी’ या शब्दापाशी. लोक फक्त पहिलं मॉर्गेज धरतात. घरावर घेतलेलं दुसरं कर्ज, कोर्टाने घरावर चढवलेला चार्जिंग ऑर्डर (न फेडलेल्या देण्यापोटी घरावर बसवलेला बोजा), हेल्प टू बायचं सरकारी कर्ज हे सगळं मोजायचं. हेल्प टू बायमध्ये सरकारचा वाटा टक्क्यात असतो (लंडनबाहेर २० टक्क्यांपर्यंत, लंडनमध्ये ४० पर्यंत), म्हणून खरेदीच्या वेळचा आकडा न धरता आजच्या किमतीवर हिशोब करायचा.

एक उदाहरण घेऊ, पुढेही तेच वापरू. स्लाऊमधलं एक जोडपं, फ्लॅट दोघांच्या नावावर. आजची किंमत २ लाख ३० हजार पाउंड. मॉर्गेज बाकी २ लाख २१ हजार. घरावरचं दुसरं कर्ज १८ हजार, तेही दोघांच्या सहीचं. एकूण बोजा २ लाख ३९ हजार. म्हणजे घर ९ हजारांनी पाण्याखाली, आणि विक्रीचा खर्च अजून धरलेलाच नाही.

अशी वेळ येते कशी? नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला व्याजदर १५ टक्क्यांना टेकले होते आणि घरांचे भाव पडले. २००८ च्या आधी नॉर्दर्न रॉक ही बँक घराच्या किमतीच्या १२५ टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायची. ९५ टक्के घरावर आणि उरलेलं विनातारण. भाव जरा घसरला की माणूस अडकलाच. अलीकडे वेगळा प्रकार आहे. १४ जून २०१७ ला ग्रेनफेल टॉवरची आग लागली, ७२ माणसं गेली, आणि मग शहरोशहरीच्या इमारतींचं क्लॅडिंग (बाहेरच्या भिंतींवरचं आवरण) तपासायला सुरुवात झाली. ज्या इमारतीला ईडब्ल्यूएस-१ फॉर्म (बाहेरच्या भिंतींच्या आगसुरक्षेच्या तपासणीचा कागद) मिळेना, तिथल्या कित्येक फ्लॅटची किंमत बँकांनी कागदावर शून्य धरली. बिल्डिंग सेफ्टी अॅक्ट २०२२ मुळे पात्र लीजहोल्डर्सना (ठरावीक वर्षांच्या पट्ट्याने फ्लॅट घेतलेल्यांना) बरंच संरक्षण मिळालं, पण सगळे पात्र नव्हते.

बँकरप्सी घेतली की घर गेलंच ना?

नाही. मात्र ही भीती नेमकी कशाची आहे ते आधी सुटं करून पाहिलं पाहिजे, कारण तुमच्या घराकडे दोन वेगवेगळ्या नजरा लागलेल्या असतात आणि त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो.

पहिली नजर मॉर्गेज देणाऱ्या बँकेची. तिच्याकडे घर तारण आहे. तुम्ही दिवाळखोर झालात म्हणून तिचा तारणावरचा हक्क जात नाही आणि वाढतही नाही. तिला हप्ता हवा. हप्ता वेळेवर येत असेल तर ताबा घेऊन, घर लिलावात काढून नुकसान सोसण्यात तिला रस नसतो. करारात ‘दिवाळखोरी हा करारभंग’ असं एक कलम बहुतेकदा असतं, पण हप्ता चालू असताना त्या एका कलमावर घर काढून घेतल्याची उदाहरणं क्वचितच सापडतात.

दुसरी नजर ट्रस्टीची. बँकरप्सी ऑर्डर निघाली की ऑफिशियल रिसीव्हर हा सरकारी अधिकारी तुमचा ट्रस्टी होतो, आणि घरातला तुमचा हिस्सा त्याच्याकडे जातो. बाकीच्या देणेकऱ्यांसाठी पैसा उभा करणं हे त्याचं काम. निगेटिव्ह इक्विटीच्या घरातून त्याला दमडी मिळत नाही. घर विकलं तर आलेलं सगळं बँक नेणार, आणि विक्रीचा खर्च उगाच अंगावर. म्हणून आज तरी तो तुमच्या घराला हात लावत नाही. ‘आज तरी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत.

ट्रस्टीला घरावर किती काळ हक्क असतो?

तीन वर्षं. इन्सॉल्व्हन्सी अॅक्ट १९८६ च्या कलम २८३ए नुसार बँकरप्सी ऑर्डरच्या तारखेपासून तीन वर्षांत ट्रस्टीने काही केलं नाही, तर हिस्सा आपोआप तुमच्याकडे परत येतो. ‘काही’ म्हणजे त्या मुदतीत हिस्सा विकणं, विक्रीसाठी किंवा ताब्यासाठी कोर्टात अर्ज करणं, घरावर चार्ज (बोजा) मागणं, किंवा तुमच्याशी त्याबद्दल करार करणं. कोर्ट ही मुदत वाढवूही शकतं. घर हे ऑर्डरच्या दिवशी तुमचं, तुमच्या जोडीदाराचं किंवा घटस्फोटित जोडीदाराचं मुख्य राहतं घर असलं पाहिजे. भाड्याने दिलेल्या दुसऱ्या फ्लॅटला हा नियम नाही.

एक सापळा: घराबद्दल ट्रस्टीला तीन महिन्यांच्या आत सांगितलं नाही, तर तीन वर्षं त्याला कळेल त्या दिवसापासून मोजली जातात. फॉर्ममध्ये घर लपवलं तर घड्याळ सुरूच होत नाही.

शिवाय एक हजार पाउंडांचा नियम आहे. घरातल्या तुमच्या हिश्श्याची किंमत त्याहून कमी असेल, तर ट्रस्टीने केलेला विक्रीचा, ताब्याचा किंवा चार्जचा अर्ज कोर्टाला फेटाळावाच लागतो. ही किंमत काढताना कर्जं, दुसऱ्याचा हिस्सा आणि विक्रीचा वाजवी खर्च हे सगळं आधी वजा होतं. स्लाऊच्या फ्लॅटचा भाव वाढून २ लाख ४५ हजार झाला असं धरा. कर्ज वजा जाता ६ हजार राहिले, विक्रीखर्चाला साडेचार हजार धरले तर उरले दीड हजार. दोघांत वाटले की प्रत्येकी ७५०. अजूनही हजाराच्या आतच.

वर्षभरात डिस्चार्ज मिळाला. आता घर माझंच ना?

इथेच सर्वाधिक गैरसमज आहे. बँकरप्सीतून मुक्तता साधारण १२ महिन्यांत मिळते, २००४ पासून तसंच आहे. पण डिस्चार्जने तुमची कर्जं सुटतात, घरातला हिस्सा सुटत नाही. तो तीन वर्षं पुरी होईपर्यंत, किंवा ट्रस्टीने आधीच सोडेपर्यंत, त्याच्याकडेच असतो. डिस्चार्जचं पत्र आलं म्हणून पेढे वाटलेल्या माणसाला दीड वर्षाने घराबद्दल पत्र येतं तेव्हा त्याला वाटतं फसवणूक झाली. फसवणूक नसते, तारखा दोन असतात.

मधल्या काळात भाव वाढले तर?

निगेटिव्ह इक्विटीतल्या माणसाचा खरा धोका हाच. रिसीव्हर साधारण सव्वादोन वर्षांनी घराच्या किमतीचा पुन्हा आढावा घेतो. तोवर तुम्ही हप्ते भरून मुद्दल कमी केलेलं असतं, भावही चढलेला असू शकतो. आपल्या स्लाऊच्या फ्लॅटचा भाव २ लाख ६० हजारांवर गेला असं समजा. कर्जं आणि साधारण पाच हजार विक्रीखर्च वजा जाता १६ हजार, तुमचा हिस्सा ८ हजार. आता ट्रस्टीला रस आला. म्हणजे घाम तुमचा आणि फायदा देणेकऱ्यांचा.

म्हणून घर ठेवायचं ठरलंच असेल, तर घर पाण्याखाली असतानाच हिस्सा परत विकत घ्या. नवरा किंवा बायको, भाऊ, मित्र, कोणीही त्रयस्थ माणूस तो विकत घेऊ शकतो. इक्विटी उणे असताना किंमत नाममात्र असते, एक पाउंड आणि वर कायदेशीर कागदपत्रांचा खर्च, असा प्रघात वर्षानुवर्षं आहे. त्यानंतर भाव कितीही चढला तरी तो ट्रस्टीचा नाही. माझ्या मते या पानावरची सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे, आणि ‘आत्ता किंमतच नाही तर कशाला खर्च’ म्हणून लोक नेमकी तीच पुढे ढकलतात.

एकट्या नवऱ्याने बँकरप्सी घेतली तर बायकोच्या हिश्श्याचं काय?

तिचा हिस्सा तिचाच. ऑर्डर निघाली की सामाईक मालकी तुटून दोघांचे हिस्से वेगळे धरले जातात, आणि लँड रजिस्ट्रीत त्याची नोंद होते.

कर्जाचं मात्र उलटं आहे. मॉर्गेजवर दोघांच्या सह्या असतील तर बँक पूर्ण रक्कम तिच्याकडे मागू शकते. अर्धी नाही, पूर्ण. उद्या घर गेलं आणि ९ हजारांची तूट राहिली, तर नवरा बँकरप्सीमुळे सुटेल आणि ते ९ हजार तिच्या एकटीच्या गळ्यात पडतील. दोघांनी बँकरप्सी घ्यायची तर अर्ज दोन आणि फी दोन: प्रत्येकी ६८० पाउंड. ही फी हप्त्याहप्त्याने भरता येते, पण पूर्ण भरल्याशिवाय अर्ज जात नाही.

हप्ते कसे चालू ठेवायचे? बँक खातं गोठतं असं ऐकलंय.

खरं आहे. ऑर्डरची बातमी लागली की तुमची बँक खातं गोठवू शकते, आणि ज्या दिवशी मॉर्गेजचा डायरेक्ट डेबिट जायचा त्याच दिवशी तो परत येतो. हप्ता चुकवायची इच्छा नसताना चुकतो. म्हणून अर्ज पाठवण्याआधी, जिथे तुमचं एक पैशाचंही देणं नाही अशा बँकेत बेसिक खातं उघडा, पगार तिकडे वळवा आणि डायरेक्ट डेबिटही तिकडेच लावा. त्या महिन्याचा हप्ता गेला की नाही ते डोळ्यांनी पाहा.

हप्त्याची रक्कम घरखर्चात धरली जाते. पगारातून वाजवी खर्च जाऊन काही उरत असेल तरच रिसीव्हर तीन वर्षांपर्यंत दरमहा रक्कम मागतो. मात्र कुटुंबाच्या गरजेपेक्षा घर फारच मोठं आणि हप्ता अवाच्या सवा असेल, तर तो प्रश्न विचारतोच.

थकलेले हप्ते बँकरप्सीत माफ होतात का?

कागदावर तुमची वैयक्तिक जबाबदारी संपते, पण तारण राहतं. त्यामुळे घर ठेवायचं तर थकबाकी भरावीच लागते. बँक कोर्टात गेली तर १९७० च्या अॅडमिनिस्ट्रेशन ऑफ जस्टिस अॅक्टखाली कोर्ट तुम्हाला थकबाकी फेडायला वाजवी मुदत देऊ शकतं. ती मॉर्गेजच्या उरलेल्या सगळ्या वर्षांवर पसरवण्याचा विचार कोर्टाने करावा, हे १९९६ च्या नॉर्गन खटल्यापासून धरलं जातं. सुनावणीला स्वतः हजर राहा, आणि जाताना उत्पन्न-खर्चाचा ताळेबंद घेऊन जा. न गेलेल्यांची घरं लवकर जातात.

दुसरं कर्ज पूर्णपणे पाण्याखाली आहे. ते तरी घरावरून उतरेल?

इंग्लंडमध्ये नाही. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून ‘आमच्याकडे सेकंड मॉर्गेज काढून टाकलं’ असं ऐकाल. तिथे दिवाळखोरीच्या चॅप्टर १३ या प्रकारात, घराच्या किमतीत दुसऱ्या कर्जासाठी काहीच उरत नसेल, तर ते विनातारण ठरवून घेता येतं. चॅप्टर ७ या दुसऱ्या प्रकारात तेही चालत नाही, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये तसा निकाल दिला आहे. इथे मात्र घरावरचा चार्ज घरावरच राहतो, घराची किंमत त्याला पुरो न पुरो.

काही वर्षांनी झेपलं नाही आणि घर सोडलं, तर उरलेल्या तुटीचं काय?

मॉर्गेज बँकरप्सीच्या आधीचं असेल, तर घर विकून उरलेली तूट हे बँकरप्सीतलं देणं धरलं जातं आणि डिस्चार्जने सुटतं. घर डिस्चार्जनंतर कित्येक महिन्यांनी विकलं गेलं तरीही. बँकरप्सी घेतलेल्या माणसाला मिळालेली ही मोठी मोकळीक आहे आणि बऱ्याच जणांना ती माहीतच नसते. तुम्ही हप्ते भरत राहू शकता, आणि नाहीच जमलं तर चावी देऊन कर्जाशिवाय बाहेर पडू शकता.

पण ही मोकळीक एका सहीने जाऊ शकते. ऑर्डरनंतर बँकेने नवं कर्ज, नवा करार, थकबाकी मुद्दलात मिळवण्याचा कागद असं काही पुढे केलं, तर तुम्ही नव्याने वैयक्तिक जबाबदारी घेत आहात का, हे सल्लागाराला दाखवल्याशिवाय सही करू नका. फोनवर गोड बोलून ‘फक्त रुटीन फॉर्म आहे’ म्हटलं तरी नाही.

बँकरप्सी न घेतलेल्या सहकर्जदाराला ही सूट नाही. मुद्दलाच्या तुटीसाठी बँक १२ वर्षांपर्यंत दावा करू शकते, व्याजासाठी ६ वर्षं. तूट मागणार असल्याचं तिने विक्रीपासून ६ वर्षांत कळवलं पाहिजे, असा वित्तीय नियामकाचा नियम आहे.

मग घर ठेवावं तरी का?

हा प्रश्न आपले लोक शेवटी विचारतात, खरं तर तो पहिला हवा. स्वतःचं घर सोडणं म्हणजे हरणं, असं आपल्या मनात पक्कं असतं, आणि पुण्याहून आई फोनवर ‘काहीही कर, घर विकू नको’ म्हणते तेव्हा ते आणखी पक्कं होतं. पण आकडे मांडा. त्याच भागातलं भाडं हप्त्यापेक्षा चारशे पाउंडांनी कमी असेल, फ्लॅट क्लॅडिंगमध्ये अडकलेला असेल, सर्व्हिस चार्ज दरवर्षी चढत असेल, आणि दोघंही बँकरप्सी घेणार असाल, तर घर देऊन टाकणं हाच शहाणपणा असू शकतो. मुलांची शाळा, भाड्याचं घर मिळण्याची अडचण (बँकरप्सी क्रेडिट फाइलवर सहा वर्षं दिसते, एजंट ती पाहतात), आणि हप्ता भाड्याइतकाच असणं ही घर ठेवण्याची चांगली कारणं. अभिमान हे मी कारण धरत नाही.

अर्जाआधी घर बायकोच्या किंवा भावाच्या नावावर करून टाकलं तर?

करू नका. फुकट किंवा कमी किमतीत दिलेली मालमत्ता ट्रस्टी पाच वर्षं मागे जाऊन कोर्टाकडून उलटवून घेऊ शकतो. तोच प्रकार मेहुण्याच्या उसन्या पैशांचा. ‘बँकांचं बुडू दे, मेहुण्याचे आधी देतो’ असं वाटणं साहजिक आहे, पण जवळच्या नातेवाइकाला असं आधी फेडलं तर दोन वर्षांपर्यंतचा व्यवहार उलटवता येतो, आणि पैसे परत करायची वेळ मेहुण्यावर येते.

भारतातला फ्लॅट, गावचं घर दाखवावं लागतं?

हो. कायद्यात मालमत्ता म्हणजे जगात कुठेही असलेली. कोथरूडचा फ्लॅट, सातबाऱ्यावर भावांसोबत असलेलं नाव, भारतातल्या ठेवी, सगळं फॉर्ममध्ये लिहायचं. गावच्या जमिनीतला सामाईक हिस्सा विकणं ट्रस्टीला सोपं नसतं, पण तो निर्णय त्याचा आहे. लपवणं हा गुन्हा आहे. डिस्चार्जच्या आधी वडील वारले आणि हिस्सा आला, तर तेही २१ दिवसांत कळवावं लागतं.

बँकरप्सीशिवाय काही मार्ग?

ब्रीदिंग स्पेस २०२१ पासून आहे. सल्लागारामार्फत ६० दिवस थकबाकीची वसुली थांबते, चालू हप्ता मात्र भरावाच लागतो. आयव्हीए म्हणजे देणेकऱ्यांशी करार. मतदान करणाऱ्यांपैकी कर्जाच्या रकमेने ७५ टक्के हवेत, आणि तो सहसा पाच-सहा वर्षं चालतो. डेट रिलीफ ऑर्डर (कमी उत्पन्न आणि थोडी मालमत्ता असलेल्यांची कर्जमुक्ती) स्वतःच्या घराच्या मालकांना मिळत नाही, घर उणे असलं तरी.

नोकरी गेली असेल तर मॉर्गेजच्या व्याजासाठी सरकारी मदत आहे. २०१८ पासून ते अनुदान नसून घरावर चढणारं कर्ज आहे, आणि ते युनिव्हर्सल क्रेडिटसारख्या भत्त्यांशी जोडलेलं आहे. वर्क व्हिसावर असाल आणि व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ (सरकारी भत्ते घ्यायचे नाहीत) ही अट असेल, तर अर्ज करण्याआधी इमिग्रेशन सल्लागाराला विचारा. नाहीतर एक संकट सोडवताना दुसरं ओढवेल.

मंडळात कळेल का?

नाव लंडन गॅझेटमध्ये आणि इन्सॉल्व्हन्सी रजिस्टरवर येतं, ते कोणीही पाहू शकतं. गणपतीच्या वर्गणीच्या यादीपेक्षा ते वाचणारे फार कमी.

फिक्स्ड रेट संपला तर नवी बँक मिळेल?

निगेटिव्ह इक्विटीत नवी बँक सहसा मिळत नाही, वर बँकरप्सी असेल तर नाहीच. आहे त्याच बँकेकडे नव्या दरासाठी विचारा. काही बँका देतात, काही थेट त्यांच्या चढ्या स्टँडर्ड दरावर टाकतात. घर ठेवायचं की नाही हे ठरवताना तोच चढा दर धरून हप्ता काढा.

भारतात गृहकर्ज असेल तर हेच नियम?

अजिबात नाहीत. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींसाठीचा भाग सामान्य माणसाला लागू केलेला नाही, तो २०१९ पासून कंपन्यांच्या जामीनदारांपुरता चालतो. गृहकर्ज थकलं की बँक २००२ च्या सरफेसी कायद्याने ६० दिवसांची नोटीस देऊन ताब्याकडे जाते, आणि विक्रीनंतर उरलेली तूटही मागू शकते. तीन वर्षांनी घर परत येणं वगैरे तिथे नाही.

घरातला हिस्सा परत आला हे कळतं कसं?

ट्रस्टीकडून तसं पत्र येतं. त्यावर थांबू नका. थोडी फी भरून लँड रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावरून आपल्या घराचा टायटल रजिस्टर उतरवून घ्या आणि बँकरप्सीची नोंद निघाली का ते बघा. राहिली असेल तर ऑफिशियल रिसीव्हरच्या कार्यालयाला, बँकरप्सीचा क्रमांक घालून, लेखी कळवा. आधीच हिस्सा विकत घेतला असेल तर हे काम तुमच्या सॉलिसिटरने करायचं असतं, आणि त्याचं शेवटचं बिल भरण्याआधी नवा उतारा त्याच्याकडून मागून घ्या.